पठ्ठ्याने जीव ओतलाय

नव्या अल्बमच्या नऊ गाण्यांना गुण देता देता चाहत्यांचा ग्रुप हमरीतुमरीवर आला होता. बँडचा ड्रमर टोपणनावाने तिथेच लपून वाचत होता. त्याला ठेवायचं की काढायचं, हे याच अल्बमवर ठरणार होतं.

"दुसऱ्याला चार. ड्रमर डबे आपटतोय."
"बहिऱ्या, चौथं ऐक!"
"ऐकलं. तिथे तर डबेही धड आपटता आले नाहीत."
"आणि सहावं? दहापैकी दहा! पठ्ठ्याने जीव ओतलाय."

सहाव्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

सहावं रेकॉर्ड झालं त्या दिवशी तो दवाखान्यात आईच्या उशाशी होता. ड्रम कॉम्प्युटरने वाजवले होते.



बँडच्या मॅनेजरने ग्रुपवर लिहिलं, "भावना पोहोचल्या, मंडळी. पुढच्या अल्बममध्ये नऊच्या नऊ गाणी अशीच!"