पॅच सुकेपर्यंत

"खोका," फिजिओथेरपिस्ट म्हणाली.

पंक्चरवाला खोकला नाही. त्याने उशी छातीशी धरली, ओठ घट्ट मिटले आणि पलंगालगत खाली ठेवलेल्या बाटलीकडे पाहत राहिला. त्याच्या छातीतून निघालेली नळी त्या बाटलीतल्या पाण्यात बुडाली होती. पाणी शांत होतं.

"काका, कालही तुम्ही हेच केलंत. दुखतंय का?"

"नाही."

"मग खोका की!"

त्याने नकारार्थी मान हलवली. तिने कागदावर लिहिलं : दुखण्यामुळे सहकार्य नाही.

ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते. उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग गाठीसकट रोबोटने काढला होता. त्याआधी पंक्चरवाल्याने डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं. रोबोट स्वतःच्या डोक्याने चालतो का? नाही, हात त्याचे, पण ते हलवणारी मी, तिथेच कोपऱ्यात बसून. मध्येच बिघडला तर? तर मी उठून माझ्या हातांनी काम पुरं करीन. बोटाएवढ्या भोकातून गाठ बाहेर कशी येते? आतल्या आत पिशवीत भरून, आणि एक भोक थोडं रुंद करून. बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत, म्हणून दुखतं कमी. दुसऱ्या दिवशी चालायचं, चार-पाच दिवसांत घरी.

तो दुसऱ्या दिवशी खरंच चालला. एका हातात बाटली, दुसऱ्या हाताने बायकोचा खांदा धरलेला. वॉर्डाच्या टोकापर्यंत जाऊन आला. अडलं ते फक्त खोकण्यावर.

आज सकाळी मात्र ताप चढला. एक्स-रेत उरलेल्या फुफ्फुसाच्या तळाशी पांढरट डाग दिसला. ते नीट फुललंच नव्हतं, आणि आत कफ साचला होता. संध्याकाळपर्यंत तो खोकून बाहेर आला नाही, तर घशातून कॅमेऱ्याची नळी घालून ओढून काढावा लागणार होता. त्यानेही भागलं नाही, तर अतिदक्षता विभाग.

"बोटावर हातोडी पडली तरी हूं की चूं करत नाहीत हे," बायको फिजिओथेरपिस्टला सांगत होती. "आणि इथं साधं खोकायचं, तर तोंडाला कुलूप!"

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कागद वाचला, मग स्टूल ओढून पलंगाजवळ बसल्या.

"तुम्ही दोनशे प्रश्न विचारणारे. आज मी एकच विचारते. का खोकत नाही?"

पंक्चरवाल्याने बाटलीकडे बोट दाखवलं.

"पहिल्या दिवशी खोकलो. पाण्यात बुडबुडे आले. डॉक्टर, तीस वर्षं मी हेच बघतोय. ट्यूब पाण्यात धरायची, बुडबुडा आला की समजायचं, भोक आहे."

"बरोबर ओळखलंत. कापलेल्या कडेला बारीकशी गळती आहे. बऱ्याच जणांना असते. आपोआप बुजते."

"बुजेल हो. पण ओल्या पॅचवर हवा भरायची नसते. सुकू द्यायचं असतं. मी सुकू देतोय." तो छातीच्या वरच्या वर श्वास घेत होता, तेवढं बोलूनही दमला. "खोकलो नाही, की बुडबुडे येत नाहीत. बघा ना तुम्हीच."

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, हे डोक्यात घेऊन बसलात? मला तरी सांगायचं!"

फिजिओथेरपिस्टला हसू येऊ लागलं होतं. तिने हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि मगाशी लिहिलेली ओळ खोडली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "पॅच सुकला. पुढे काय करता?"

"ट्यूब टायरात बसवतो. मग हवा भरतो."

"बाहेरच भरली तर?"

"तपासण्यापुरती भरतो ना. पण पुरती भरली तर ट्यूब फुग्यासारखी ताणते आणि पॅच सुटतो. टायरात घातली, की ती फुगून टायरला टेकते. मग टायर चारी बाजूंनी दाबून धरतो. पॅचला जायला जागाच नाही."

"म्हणजे पॅच टिकतो तो कशाने?"

"सोल्युशनने. आणि..." तो अडखळला. "आणि हवेच्याच दाबाने."

डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या बरगड्यांवर दोन बोटांनी टकटक केलं. "वरचा भाग काढला, तिथे जागा रिकामी झाली. उरलेलं फुफ्फुस फुलून या भिंतीला टेकायला हवं. टेकलं, की गळती दाबली जाते आणि तिथेच चिकटून बुजते. फुललंच नाही, तर..."

"थांबा," पंक्चरवाला म्हणाला.

त्याने डोळे मिटले. उजवा पंजा पसरून कुशीवर ठेवला आणि एकेक बरगडी चाचपत वर गेला. मग उशी उचलून छातीशी घट्ट दाबली, जमेल तेवढा श्वास आत ओढला आणि खोकला.

बाटलीतलं पाणी उकळल्यासारखं खदखदलं. तो पुन्हा खोकला, कळवळला, तिसऱ्यांदा खोकला. फिजिओथेरपिस्टने पुढे केलेल्या भांड्यात कफाचा घट्ट गोळा पडला.

"अहो, पुरे!" बायकोने त्याचा दंड धरला. "केवढे बुडबुडे येताहेत!"

"येऊ देत." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी तो पुढचा श्वास भरून घेत होता. "तीन दिवस ट्यूब नुसती हातात धरून बसलो होतो मी. टायरात घातलीच नव्हती."