मोठी काळी माशी

“पण त्याला कळता कामा नये,” दानिकाने पुन्हा बजावलं, तेव्हा मिलादिनने कॉफीचा कप खाली ठेवला. प्लिवा नदीवर पाहुण्यांना ट्राउट मासे कुठे लागतात ते दाखवत फिरणं हा त्याचा धंदा होता. जर्मन येत, इटालियन येत. पण नवऱ्याला पत्ता लागू न देता नवऱ्यासाठी वाटाड्या ठरवायला आलेली बाई तो पहिल्यांदाच पाहत होता.

दानिकाची अडचण सरळ होती. मुलीच्या आणि नातवाच्या जवळ राहावं म्हणून दोघं द्रिनाकाठचं घर सोडून इथे आली होती. तिचा नवरा ओस्तोया द्रिनेवर पट्टीचा मासेमार म्हणून ओळखला जाई. इथे मात्र तो रोज हात हलवत परत येई आणि ही नदीच खोटी आहे म्हणे. एक गळाची काठी आणि गळाला बांधायच्या पिसांच्या नकली माश्यांची एक डबी तेवढी त्याने बाहेर काढली होती. बाकी सामानाची पेटी अजून दोरीने करकचून बांधलेली होती. रविवारपर्यंत मासा लागला नाही तर पेटी तशीच उचलायची आणि परत जायचं, असं त्याने घरात जाहीर केलं होतं. आज रविवार होता.

मिलादिन म्हणाला, त्यात काय, नदीवर सहज भेटल्यासारखा भेटतो आणि गळाला कुठली माशी बांधायची ते सांगून टाकतो.

“तुम्ही खरं सांगाल आणि तो ऐकेल?” दानिकाने विचारलं. “मासेमार आहे तो.”

बाईचं बरोबर होतं. पाहुण्यांना खरं सांगायचं, कारण त्यावर पोट चालतं. पण नदीवरच्या आपल्या माणसाला मासा कुठल्या माशीला लागतोय ते आजवर कोणी खरं सांगितलं नव्हतं. विचारणाराही ते जाणून असतो आणि मान डोलावून नेमकं उलटं करतो.

“मग खोटंच सांगा,” दानिका म्हणाली.

दुपारी ती पाणचक्कीजवळच्या बाकावर घेवड्याच्या शेंगा सोलत बसली. मिलादिन वाटाड्याचा बिल्ला जाकिटाखाली लपवून काठावर ओस्तोयाजवळ आला आणि मासेमार एकमेकांना म्हणतात तसं, “पाणी निवळ असो,” म्हणाला. ओस्तोयाने तेच उलट म्हटलं. मग इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, आपल्याला काही पडलेली नाही अशा थाटात, त्याने आज मासे कशाला लागताहेत ते विचारलं.

“मोठी काळी बांधा, शेजारी,” मिलादिन म्हणाला. “आणि उन्हातच उभे राहा.”

ओस्तोयाने तोंडभर आभार मानले. मग पाठ वळवून डबीतली सगळ्यात बारीक राखाडी माशी बांधली आणि तडक विलोच्या झाडाच्या सावलीत पाण्यात जाऊन उभा राहिला. दानिकाच्या हातातली शेंग हातातच राहिली. थोड्याच वेळात काठी वाकली. ओस्तोयाने हात ओले करून ट्राउट अलगद सोडवला, क्षणभर पाण्यात धरला आणि जाऊ दिला. मग दुसराही लागला. इथे आल्यापासून दानिकाने त्याला शीळ घालताना ऐकलं नव्हतं. आता तो शीळ घालत होता, आणि तिला इतकं बरं वाटलं की तिने सोललेल्या शेंगा पुन्हा सोलायला घेतल्या.

चेव येऊन ओस्तोया पुढे सरकला. तिथे तळ एकदम खाली जातो.

“शेजारी, तिकडे नको,” मिलादिन ओरडला. “खरंच खोल आहे तिथे.”

ओस्तोया मिशीत हसला. एवढं अडवतोय म्हणजे जागा नक्कीच खास असणार. त्याने लांब ढांग टाकली, आणि पाण्यावर फक्त टोपी उरली.

मिलादिनने जाकीट फेकून उडी मारली. दोघं निथळत काठावर आले तेव्हा मिलादिनच्या छातीवरचा बिल्ला चांगला चमकत होता. ओस्तोयाने तो वाचला. मग बायकोकडे पाहिलं. तिच्या मांडीवरच्या शेंगा सगळ्या गवतात सांडल्या होत्या.

घर चक्कीच्या मागेच होतं. चुलीजवळ दोघं घोंगड्या पांघरून बसले, दानिकाने आलुबुखाराची दारू ओतली.

“पाहुण्यांशी खरं बोलतोस ना तू?” ओस्तोयाने मिलादिनला विचारलं.

“बोलतो.”

“आणि माझ्याशी दुपारभर खोटं बोललास.”

“एकदा खरं बोललो,” मिलादिन खाली मान घालून म्हणाला. “तेव्हाच तुम्ही बुडालात.”

“त्यांना काही बोलू नकोस,” दानिका म्हणाली. “मीच सांगितलं होतं. मला इथून जायचं नाहीये, ओस्तोया.”

ओस्तोया उठला. टेबलावरची सुरी घेऊन त्याने पेटीची दोरी कापली, आतून लोकरी मोजे काढले आणि एक जोड मिलादिनच्या अंगावर टाकला.

“म्हणजे हा मला पाहुणा धरत नाही,” तो बायकोला म्हणाला. आवाजात राग नव्हता.

मग त्याने पेटीच्या तळातून माश्यांचा मोठा लाकडी डबा काढून टेबलावर उघडला.

“उद्या कशाला लागतील?”

मिलादिनने मोजा वर ओढला. चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाला, “मोठी काळी.”

“बरं झालं सांगितलंस,” ओस्तोया म्हणाला, आणि चष्मा लावून डब्यातली सगळ्यात बारीक राखाडी शोधू लागला.