चार पट्ट्यांचा रंग

तिसऱ्यांदा पडद्यावर लाल ओळी उमटल्या आणि दामिनीने कपाळावर हात मारून घेतला. कम्प्युटरमधली रॅम सहा हजारांच्या वेगाच्या तपासणीत पुन्हा चुकली होती. चार वाजता रामदासपेठेतल्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचे कृष्णकांत येणार होते. तोवर ही तपासणी निर्दोष पार पडली, तरच असे दहा कम्प्युटर बांधायचं काम तिला मिळणार होतं. नंदनवनात दुकान उघडल्यापासून इतकं मोठं काम दारात आलं नव्हतं.

वेग कमी केला की सगळं सुरळीत चाले. पण बैलगाडीच हवी असती, तर कृष्णकांत इथवर कशाला आले असते?

कोपऱ्यात स्टुलावर तिचे वडील मनोहरराव बसले होते. चाळीस वर्षं हातमागावर साड्या विणल्या, आता रिकामे. घरी करमेना म्हणून रोज दुकानात येत आणि प्रश्न विचारून गिऱ्हाइकांना भंडावून सोडत. आज दामिनीने सकाळीच बजावलं होतं, "ते आले की तुम्ही घरी जाजा, बाबा."

मनोहरराव उठले आणि उघड्या कम्प्युटरमध्ये डोकावले. रॅमच्या चार पट्ट्यांवर निळे दिवे लागले होते.

"काहून वं, यात दोन वेगळ्या काहून लावल्या?"

"सगळ्या सारख्याच आहेत, बाबा. एकाच कंपनीच्या."

"कंपनी एक असंल, भांडं एक नाही. पहिली अन् तिसरी हिरव्याकडे झुकून राहिल्या."

दामिनीला चारही निळ्याच दिसत होत्या. पण दोन भांड्यांत रंगवलेलं सूत एका साडीत घातलं की पट्टा उठतो, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. तिने पट्ट्या काढून मागचे आकडे वाचले. पहिली आणि तिसरी वेगळ्या खेपेतल्या निघाल्या. विणकराची लेक, आणि खेप बघायची विसरली. तिला हसूच फुटलं.

कपाटातून तिने एकाच खेपेच्या चार पट्ट्या काढून बसवल्या. दीड तासाने तपासणी संपली. पूर्ण वेग, आणि एकही लाल ओळ नाही. दामिनीला इतका आनंद झाला की तिने वडिलांचे दोन्ही हात धरून त्यांना दुकानातच एक गिरकी घ्यायला लावली.

तेवढ्यात दारात कृष्णकांतांची गाडी थांबली. मनोहररावांनी गुपचूप चपला घातल्या.

दामिनीने त्यांची वाट अडवली. "कुठं चालले, बाबा? तपासणारा माणूसच घरी गेला, तर मी त्यांले दाखवू कोणाले?"