मुहूर्ताचं मशीन

पेढ्यात एखादा खिळा गेला तर बोंबलणारं मशीन घ्या म्हणून क्वालिटीवाल्या धनश्रीनं दूध संघात तीन वर्षं डोकेफोड केली होती. अखेर ते आलं. चेअरमन आप्पासाहेबांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, बटण दाबलं. पट्ट्यावरून पेढ्यांचा पहिलाच बॉक्स आत सरकला आणि मशीननं भोंगा लावला. फोटोवाला दचकला. "शुभ कार्यात बोंबलतंय व्हय? बंद करा त्याला!" आप्पासाहेब कडाडले. धनश्री काकुळतीला आली. "साहेब, आत लोखंड असल्याशिवाय ते वाजत नाही. हा माल दुपारी शिर्डीला चाललाय." "मुहूर्ताला अपशकून नको, मॅडम. उद्यापासून वाजू द्या." मशीन बंद झालं. कॅमेऱ्याकडं बघत आप्पासाहेबांनी त्याच बॉक्समधला पेढा तोंडात टाकला. कट्ट! तळहातावर स्क्रू आणि अर्धा दात घेऊन ते धनश्रीवर खेकसले, "आन् आता का गप बसलंय हे?"