भिंतीवरचा ठिपका

अकोल्याच्या कापूस संशोधन केंद्रातले बापूसाहेब दिवाळीत गेले, आणि उन्हाळ्यात फोरट्रान या संगणकाच्या भाषेची नवी आवृत्ती आली. त्यांनी जुन्या आवृत्तीत लिहिलेला प्रोग्राम आता मुंबईचं संगणक यंत्र घेईना. मग त्यांच्या हाताखाली शिकलेल्या विमलने तो नव्याने लिहिला आणि एकेक ओळ छिद्रं पाडून कार्डांवर उतरवली. पुढल्या हंगामात कोणतं बियाणं पेरायचं, ते त्या कार्डांवर ठरणार होतं.

कार्ड तपासायची रीत बापूसाहेबांचीच. पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात कार्ड धरायचं आणि भिंतीवर पडलेले उजेडाचे ठिपके वाचायचे. काय नजर होती त्या माणसाची! त्यांनी बोट ठेवावं आणि तिथे खोट निघू नये, असं कधी झालंच नाही.

विमलने एक कार्ड उन्हात धरलं. भिंतीवर एक ठिपका जास्त पडला. कार्डावर त्या जागी छिद्रच नव्हतं.

तिने कागदाशी ताडून पाहिलं. छिद्र तिथे हवं होतं. तिच्याकडून राहून गेलं होतं.

पुढच्या कार्डांचंही तेच झालं, आणि दर वेळी चूक तिचीच निघाली. तिचे सहकारी शालिकराम हात जोडून म्हणाले, "बापूसायेबच तपासून राहिले, विमलबाई. त्याईची नजर कधीच चुकली नाई."

शेवटचं कार्ड सुधारलं, तेव्हा भिंतीवर जास्तीचा एकही ठिपका उरला नव्हता. विमलने समाधानाने कार्डं पेटीत ठेवली आणि खिडकीकडे पाठ करून पदर सारखा केला.

समोरच्या भिंतीवर तिची सावली पडली होती. त्या सावलीत, छातीच्या डाव्या बाजूला, एक ठिपका लख्ख चमकत होता.