बसणाऱ्या

कोपऱ्यातल्या खाटेवरचा माणूस पुन्हा चादर चिमटीत धरून ओढायला लागला, तशी म्हातारी बोलता बोलता थांबली.

समोर स्टुलावर बसलेल्या मुख्याध्यापकांनी मोबाइल तिच्या तोंडाजवळ आणखी सरकवला. ते निवृत्त होते. रुग्णालयाला पन्नास वर्षं होत होती, आणि त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. डॉक्टरांचे फोटो मिळाले होते, देणगीदारांचे तर नको तितके. ‘स्त्रियांचा सहभाग’ या मथळ्याखालचं अर्धं पान तेवढं कोरं होतं. पूर्वी इथे येणाऱ्या बायकांपैकी एक सध्या इथेच दाखल आहे असं कळलं, म्हणून ते भेटीच्या वेळेत आले होते.

मंडळ होतं का, अध्यक्ष कोण होत्या, एखादा फोटो असेल का, असं ते विचारत होते. म्हातारी प्रत्येक वेळी मान हलवत होती. आम्ही शेजारपाजारच्याच बायका, ज्यांचं कुणी नसे त्यांच्या उशाशी पाळीपाळीने बसायचो, एवढंच ती म्हणाली.

“बसून काय करायचात, काकू?”

“बसायचो.”

मुख्याध्यापक हसले. औषध पाजत असाल, अंग पुसत असाल, काहीतरी असेलच की, असं त्यांनी सुचवून पाहिलं. ते सिस्टर करायच्या, म्हातारी म्हणाली. तिच्या पायाची बोटं चादरीखाली सारखी हलत होती. कोपऱ्यातल्या माणसाला काल कुणीतरी रस्त्यावरून उचलून आणलं होतं, पुरुषांकडे खाट रिकामी नव्हती म्हणून इथे ठेवलं होतं. त्याच्या खिशातल्या नंबरवर फोन लागत नव्हता. आता फार वेळ नाही, असं सिस्टर सकाळीच कुजबुजली होती.

सून पायाशी उभी राहून जेवणाचा डबा आवरत होती. तिने झाकण जरा जोरातच लावलं. “लिहा की, सर. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, असं लिहा.”

घरात या बसण्याची थट्टाच व्हायची. अखेरच्या घटकेला माणूस ज्याचं नाव घेईल ते आपलं समजून ओ द्यायची, अशी त्या बायकांची रीत होती. सासूबाईंना घरात दहा हाका मारा, ऐकू येत नाही, दवाखान्यात मात्र कुणाच्याही नावाला ओ देतात, हे सून आल्यागेल्याला सांगायची आणि सगळे हसायचे. आजही ती तेच सांगायला गेली. पण तोंडातून निघालं वेगळंच.

“मामंजी गेले तेव्हा या इथेच होत्या, कुणाच्या तरी उशाशी. आम्ही दोघं बाहेरगावी. घरात मामंजी एकटे. हेही लिहा.”

बोलून गेल्यावर तिला वाटलं, जीभ चावली असती तर बरं झालं असतं. मुख्याध्यापकांनी मोबाइल बंद करून मांडीवर पालथा ठेवला. म्हातारी रागावली नाही.

“खरं आहे,” ती म्हणाली.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या माणसाचा हात वर उठला आणि हवेत चाचपडायला लागला. म्हातारीने पाय खाली सोडले. सुनेने तिचा खांदा दाबून धरला. पलंगावरून उतरायचं नाही, छातीला ताण नको, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. म्हातारीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

“सलाइनची बाटली काढ,” ती म्हणाली.

सून हलली नाही. मग म्हातारी स्वतःच उठली. नळी ताणली गेली आणि नळीत उलटं रक्त चढायला लागलं. सुनेने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत बाटली खुंटीवरून काढली आणि हात उंच करून तिच्या मागोमाग निघाली. एकेका खाटेचा कठडा धरत म्हातारी चालत राहिली. पलीकडून सिस्टर ओरडतच आली, पण त्या माणसाकडे बघून तिने पायाने एक स्टूल पुढे सारलं.

म्हातारी बसली. चाचपडणाऱ्या हाताखाली तिने आपला तळवा धरला. हात त्यावर टेकला, आणि थांबला. बाकी तिने काहीच केलं नाही. तो माणूस तिच्या मुलाच्या वयाचा असेल. त्याने डोळे न उघडता कुणाचं तरी नाव घेतलं.

“ओ,” म्हातारी म्हणाली.

“आलीस?”

“आले.”

बराच वेळ त्याचा श्वास अडखळत चालला. मग तो म्हणाला, “किती उशीर.”

म्हातारी वाकली, तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“अहो,” ती म्हणाली, “उशीर झाला मला.”

मुख्याध्यापक केव्हा मागे येऊन उभे राहिले होते, सुनेला कळलं नव्हतं. तिचा हात भरून आलेला बघून, द्या, मी धरतो बाटली, असं ते हळूच म्हणाले. सुनेने नको म्हणून मान हलवली. बाटली या हातातून त्या हातात घेतली, आणि मोकळ्या झालेल्या हाताने खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. मुख्याध्यापक बाहेर राहिले.