मिठाचा बर्फ

"काका, पेटी बाहेरच ठेवा. अतिदक्षता विभागात मासे नेत नाहीत," दारावरचा शिपाई म्हणाला. "आणि नेणारच असाल, तर आधी मला चार तारल्या काढून द्या."

"बाजूला हो. माझ्या पोरीचा जीव आहे हिच्यात," मबरूक म्हणाला आणि थर्मोकोलची पेटी पोटाशी धरून आत शिरला.

सूस शहरातून इथे स्फॅक्सच्या इस्पितळापर्यंत दोन तास ती पेटी त्याच्या मांडीवर होती. ऑगस्टचं ऊन गाडीच्या टपावर तापत होतं. शेजारचे नाक धरून बसले होते. तो मात्र झाकणावर तळवा ठेवून होता, झोपलेल्या बाळाच्या पाठीवर ठेवावा तसा.

काचेपलीकडे त्याची मुलगी सिहाम पालथी झोपवलेली होती. नळी तोंडात. तिचा पाच महिन्यांचा मुलगा घरी आजीजवळ, आणि तो बाटलीला तोंड लावत नव्हता.

सकाळी डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. जंतू आता फारसे उरलेले नाहीत. तिचं शरीरच हाका मारत सुटलंय. त्या हाका ऐकून रक्तातले शिपाई झुंडीने फुप्फुसात धावताहेत आणि तिथे सूज येऊन पाणी साचतंय. एक इंजेक्शन आहे, ते त्या हाका पोचूच देत नाही. संध्याकाळच्या आत मिळालं, तर आशा आहे.

मबरूकला ते लगेच समजलं. एक होडीवाला "मासळी!" म्हणून ओरडतो, सगळ्या होड्या तिकडेच धावतात, जाळ्यांत जाळी अडकतात आणि बुडायची वेळ येते. त्याने हे पाहिलेलं होतं.

त्या इंजेक्शनची कुपी एकच होती, सूसच्या एका औषधवाल्याकडे. मबरूक उठून निघाला होता. घरी जाऊन त्याने मासे ठेवायची पेटी घेतली. दारात बायकोने, हनियाने, हातात काहीतरी कोंबलं, बजावून काही सांगितलं. त्याने हो-हो म्हटलं होतं.

आता त्याने रीमसमोर झाकण उघडलं. रीम ही सिहामची नर्स. त्याने बर्फ उकरून बोटाएवढी कुपी काढली आणि तिच्या हातात दिली. त्याची बोटं निळी पडली होती.

रीमने कुपी उजेडासमोर धरली. तिरकी केली. उलटी केली. आतलं काहीच हललं नाही.

"काका, हे गोठलंय."

"मग!" मबरूकची छाती फुगली. "चाळीस वर्षं बर्फात हात आहेत माझे, पोरी. चांगल्यातली मासळी ठेवतो तसं ठेवलं. बर्फ कुटला, खडेमीठ मिसळलं, मिठाने तो आणखी गार पडतो, मग ठासून भरलं. जरा म्हणून ऊब लागू दिली नाही."

रीमने कुपी खाली केली. सकाळी तिनेच तीनदा बजावलं होतं: थंड ठेवा हं, गरम झालं तर फेकून द्यावं लागेल. गोठू देऊ नका, हे सांगायचं तिला सुचलंच नव्हतं. भर ऑगस्टात कुणाला सुचलं असतं?

"वितळेल की आत्ता," तिचा चेहरा बघून तो म्हणाला. "हातात धरतो मी."

"वितळेल, काका. पण त्यात औषध उरणार नाही. गोठलं की ते मोडतं."

त्याने पेटीचं झाकण लावलं.

"दुसरी आणतो. कुठं जाऊ?"

"सोमवारी येईल. आली तर."

आज शुक्रवार होता. काचेपलीकडे यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा एक्याऐंशीवरून एकोणऐंशीवर आला.

"कशात गुंडाळली नव्हती का हो?" रीम म्हणाली. "एखाद्या फडक्यात, कशात तरी... तेवढ्यानंही वाचली असती."

मबरूकने हळूहळू खिशात हात घातला. एक टोपी काढली. मुठीएवढी, पिवळ्या लोकरीची. बाळाच्या पहिल्या हिवाळ्यासाठी सिहामने विणलेली. ती कोरडी होती, आणि खिशात राहून ऊबदार झाली होती.

"हनियाने दिली होती, हिच्यात गुंडाळून आणा म्हणून," तो म्हणाला. "लोकर थंडी आत जाऊ देत नाही, म्हणून मीच काढून ठेवली."